गोलकीपरचा सा

ऑक्टोबर लागला, की आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी पानं उडवणाऱ्या ब्लोअरची घरघर सुरू होते. ती ऐकली, की मला हटकून एक वास येतो. पानांचा नाही, ओल्या गवताचाही नाही. घामेजलेल्या रबराचा. गोलकीपरच्या हातमोज्यांचा. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना सांगून कळायचा नाही, आणि ज्यांनी घेतलाय त्यांना विसरता यायचा नाही. तीन वर्षांपूर्वी अख्खी पानगळ तो वास आमच्या घरी मुक्कामाला होता. भांडी निथळत ठेवायच्या जाळीवर, माझ्या पोळपाटाला टेकून, ते दोन भलेमोठे हातमोजे बोटं वर करून वाळत असायचे. मी रोज चिडायचे, रोज उचलून गराजमध्ये टाकायचे आणि रोज ते परत तिथेच यायचे. परवा डिकी साफ करताना स्पेअर टायरखाली त्यातला एक जुना, फाटका हातमोजा सापडला. मी तो नाकाशी धरला. हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गावात, म्हणजे आयसेलिनच्या देशी दुकानांपासून दहा मिनिटांवर, बायकांची एक फुटबॉल टीम आहे. इथे सॉकर म्हणतात, पण आमच्याकडे राहिलेल्या आल्दासमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. टीमचा जीव लहान. परदेशातून आणलेल्या खेळाडूंना घर करून देणं तिला परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबं एकेका खेळाडूला सीझनपुरती ठेवून घेतात. माझी मुलगी इरा तेव्हा चौदा वर्षांची, क्लबच्या मुलींच्या संघात खेळायची. तिच्या कोचनं ईमेल पाठवली आणि माझ्या नवऱ्यानं, समीरनं, मला न विचारता 'हो' कळवून टाकलं. आइसलंडच्या दोन मुली येणार होत्या. यादीत दोघींची आडनावं 'डोटिर'नं संपणारी.

"अगं, बहिणी आहेत," समीर म्हणाला. "बहिणी-बहिणींची ताटातूट कशाला करायची? दोघींना आपल्याकडेच ठेवू यार, बेसमेंट रिकामंच आहे."

आम्ही दोन गाद्या घातल्या, दोन टॉवेल काढले, दोन डबे चिवडा आणला. आली एकटी आल्दा; दुसरी मुलगी दुसऱ्या एका कुटुंबाकडे गेली होती. दारातून आत यायला किंचित वाकावं लागेल एवढी उंच, आणि दुसरी गादी बघून तिला इतकं हसू लोटलं, की ती जिन्यावरच बसली. 'डोटिर' म्हणजे मुलगी. त्यांच्याकडे आडनाव नसतंच. ही थोरग्रीमची मुलगी, ती दुसरी आणखी कुणाची. 'डोटिर'वरून नातं धरायचं तर अर्धा देश माझी बहीण आहे, असं ती म्हणाली. समीर जन्माचा मास्तर. त्यानं लगेच 'दुहिता' शब्द काढला, आपल्यातही मुलीच्या नावामागे बापाचं नाव लागतं हे सांगितलं आणि इराचं पूर्ण नाव कागदावर लिहून दाखवलं. आल्दानं ते बोटानं वाचलं आणि इराला म्हणाली, "म्हणजे तू समीर्सडोटिर." इरा त्या दिवसापासून तिची झाली.

ती गाते, हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. मी वरच्या खोलीत ऑफिसची मीटिंग करत होते. खाली इरा तानपुऱ्याचं ॲप लावून रियाजाला बसली होती. बसली होती म्हणजे मी बसवलं होतं. तिचा सा नेहमीसारखा एक डोळा घड्याळावर ठेवून चाललेला. आणि अचानक त्या 'सा'च्या खाली आणखी एक सा येऊन उभा राहिला. रुंद, सरळ, कुठेही न हलणारा. मी म्यूट केलं आणि जिन्यात आले. आल्दा सिंकपाशी उभी राहून हातमोजे धूत होती आणि गात होती. शब्द नाहीत, काही नाही, नुसता तो एक सूर. श्वास कुठे घेतला ते दिसेचना. मीटिंगमध्ये माझ्या नावाचा दोनदा पुकारा झाला म्हणे. मला ऐकूच आलं नाही.

मग हळूहळू कळत गेलं. ती पाच वर्षांची असल्यापासून गोलमध्ये उभी राहते. तिच्या गावात हिवाळ्यात चार तास उजेड असतो, म्हणून मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये खेळतात. सोळाव्या वर्षी गावच्या मोठ्या संघात, मग एक वर्ष स्वीडनमध्ये. देशाच्या संघाकडून दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा बाकावर बसून परत. आणि हे सगळं चालू असताना चर्चच्या गायकवृंदात, लग्नांत, गावातल्या माणसांच्या अंत्यविधीला ती गायची. तिच्या स्वतःच्या नऊ गाण्यांची एक तबकडी होती. ती सीझन नसताना वडिलांच्या मासे वाळवायच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलेली, मागे वारा ऐकू येतो. तिनं ती आम्हाला गाडीत ऐकवली. भाषा एका अक्षरानं कळत नव्हती आणि तरी टर्नपाइकच्या हायवेवर माझा एग्झिट चुकला.

इथे मला माझं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी साताऱ्याची. नववीपर्यंत गायचे. बरी गायचे, असं इतर म्हणायचे. दहावीचं वर्ष लागलं तसं बाबांनी पेटीला जुनी चादर गुंडाळली आणि ती माळ्यावर ठेवली. "एक धड कर," म्हणाले, "परीक्षा झाली की काढू." त्यांना दोष देत नाही, मनानं फार चांगला माणूस. पण मग अकरावी आली, बारावी आली, इंजिनीअरिंग आलं, व्हिसा आला. पेटी काही खाली आली नाही. पुढे त्या चादरीखाली तिचा भाता उंदरांनी कुरतडला, असं आईनं एकदा फोनवर सहज सांगितलं, आणि मी म्हटलं, "असू दे गं." असू दे म्हणायला मला काहीच वाटलं नाही, याचं आता वाटतं.

आणि त्या सप्टेंबरात मी तेच करत होते. इराचे आठवड्यातले चार दिवस फुटबॉलचे, दोन दिवस वैद्य काकूंकडे गाणं, अभ्यास कुठे तर गाडीच्या मागच्या सीटवर. नोव्हेंबरात तिची गाण्याची परीक्षा होती आणि त्याच सुमारास क्लबचे शेवटचे सामने. एकदा जेवताना मी जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत ठरव. गाणं की फुटबॉल. काय ते एक धड कर. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"मॉम, स्टॉप," इरा ताटातच बघत म्हणाली.

आल्दाला मराठीचा नाद लागला होता. तिनं विचारलं, आई काय म्हणाली? इरानं इंग्रजीत सांगितलं, की एकही कापड धड नाही, नुसता फडक्यांचा ढीग. आल्दानं बराच वेळ विचार केला. पोळीचा तुकडा दोन्ही हातांत धरून ती विचार करायची. मग मला म्हणाली (इंग्रजीत, मी माझ्या शब्दांत सांगते), "माझ्या पलंगावर जे पांघरूण आहे, तुझ्या आईनं शिवलेलं, ते कशाचं आहे?"

ती गोधडी. आईच्या जुन्या नऊ साड्यांची. मी स्वतःच तिला पहिल्या दिवशी कौतुकानं सांगितलं होतं, की बघ, हा तुकडा माझ्या बारशाच्या साडीचा, हा मावशीनं दिलेल्या साडीचा. मी तिला भात वाढला.

"पोळी आणखी हवी की भातच?" मी विचारलं.

"दोन्ही," आल्दा म्हणाली. हा तिचा सगळ्यात लाडका मराठी शब्द. इराकडून शिकली होती. चहा की कॉफी? दोन्ही. लोणचं की चटणी? दोन्ही. त्यांच्या भाषेतही यासाठी असाच एक छोटासा शब्द आहे म्हणे आणि तो तिच्या आजीचा आवडता होता.

मी मात्र हट्टाला पेटले होते. तिला म्हटलं, तुझं ठीक आहे, इथे स्पर्धा आहे, इथे दोन दगडांवर पाय ठेवून भागत नाही. ती रागावली नाही. तिला राग यायचा तो फक्त चुकीच्या पासचा. ती म्हणाली, "आमच्या गावात माणसं फार थोडी आहेत. एकानं एकच काम केलं तर गाव चालणारच नाही. आमचा कोच दातांचा डॉक्टर होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई उन्हाळ्यात बस चालवायची. मी गोलमध्ये नसते तर गोल रिकामा राहिला असता, आणि मी गायले नसते तर एखादा माणूस गाण्याशिवायच पुरला गेला असता." मग अगदी मनापासून, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, तिनं विचारलं, "तुम्ही इतकी माणसं आहात, म्हणून तुम्हाला प्रत्येकी एकच मिळतं का?"

समीर हसला. मी हसले नाही. भांडी लावताना ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

दसऱ्याच्या दिवशी इरानं निकाल सांगितला. गाणं सोडतेय. अगदी कोरड्या आवाजात, दूध संपलंय असं सांगावं तसं. "आर यू हॅपी नाऊ?" एवढं मात्र विचारलं. मी वैद्य काकूंना फोन करून परीक्षेतून नाव काढायला सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला घर गप्प होतं. तानपुऱ्याचं ॲप लागलं नाही. आल्दाही सिंकपाशी नुसतीच हातमोजे पिळत होती. तिनं त्या दिवसापासून आमच्या घरात गाणं बंद केलं. मुद्दाम नव्हे, पाहुणी होती, यजमानांचं घर सुतकात असल्यासारखी वागत होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला प्रत्येकाचा शब्द न् शब्द ऐकू यायला लागला आणि ते काही सुखाचं नव्हतं.

वैद्य काकूंबद्दल सांगते. एडिसनमधल्या पहिल्या काही मराठी डॉक्टरांपैकी त्या एक. छत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या, आता निवृत्त. बेसमेंटमध्ये शिष्या जमवून गाणं शिकवतात. ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी त्यांचा फोन आला. त्या गोऱ्या मुलीचा खेळ बघायचाय, ने मला. इराकडून सगळं ऐकलं होतं. घडीची खुर्ची, शाल, थर्मास आणि कानातलं यंत्र असा सरंजाम घेऊन त्या मैदानाच्या कडेला बसल्या.

सामन्याआधी इथे राष्ट्रगीत होतं. त्या दिवशी गाणारी शाळकरी मुलगी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि स्पीकरवरची रेकॉर्ड नुसतीच खरखरत राहिली. दोन्ही संघ रांगेत उभे, लोक टोप्या काढून ताटकळत. तेवढ्यात रांगेतून आल्दा बाहेर आली. हातमोजे काखेत मारले. माइककडे गेलीच नाही. पाय खांद्याएवढे फाकवून उभी राहिली, गोलमध्ये उभी राहते तश्शी, आणि गायला लागली.

आम्ही तेव्हा चौदा वर्षं या देशात होतो. ते गीत मी कितीदा ऐकलंय, ओठ हलवलेत, गायलेलं कधीच नाही. आपलं ना परकं, अशा मधल्याच जागेवर ते माझ्यासाठी अडकलेलं. आणि ही, दोन महिन्यांपूर्वी आलेली, महिन्याभरात जाणारी पोरगी, परक्या देशाचं गीत असं गात होती, की जणू ज्याला त्याला त्याची वस्तू नीट पुसून परत देत होती. वारा सुटला होता. पानं तिच्या बुटांवरून पळत होती. वरचा सूर लागला तेव्हा पलीकडच्या मैदानावरची लहान मुलं खेळायची थांबली. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. इरा माझ्यापासून चार हात लांब, जाळीला कपाळ टेकून उभी होती.

आणि तिसऱ्याच मिनिटाला आल्दानं गोल खाल्ला. सोपा, हातातून सुटलेला. मागून कुणीतरी ओरडलं, की बाई, तू आपली गाणंच गा! लोक हसले. मला वाटलं, झालं. हेच तर मी सांगत होते. तिनं मात्र बॉल जाळ्यातून काढला, मध्यावर भिरकावला, हातमोजे एकमेकांवर आपटले आणि सगळ्या संघाला ऐकू जाईल अशी हाक दिली, "अगेन!" पुढची सत्याऐंशी मिनिटं ती ओरडतच होती. अवे! कीपर! टाइम! अशा बचावफळीला द्यायच्या हाका. चेंडू मात्र पुन्हा तिच्या पाठीमागे गेला नाही. सामना एक-एक सुटला.

काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं डुलकी लागली. तर त्यांनी फोनवर तानपुरा लावून तो कानाच्या यंत्राशी धरला होता. "काळी चार," त्या म्हणाल्या. "नव्वद मिनिटं ओरडतेय, पट्टी सोडलेली नाही. घशातून ओरडतच नाहीये बघ ती, पोटातून ओरडतेय. हिला कुणीतरी गाणं शिकवताना गोलकीपिंग शिकवलंय."

"नाहीतर उलट," मी म्हटलं.

"तेच ते." त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. "मी भूल देताना गुणगुणायचे, माहितीये तुला? पेशंट घाबरलेला असतो, मास्क लावला की हात धरून ठेवतो. मी हलकेच भूप गुणगुणायचे. कितीतरी जण माझ्या गाण्यात झोपले. जागं झाल्यावर कुणाला आठवायचं नाही. माझे गाण्याचे सर म्हणायचे, नोकरी सोड, गायिका होशील. आमचे हे म्हणायचे, गाणं सोड, विभागप्रमुख होशील. मी दोन्ही झाले नाही." त्या चहा प्यायल्या. "झोप मात्र छान लागायची लोकांना."

सहा वर्षं मी इराला त्यांच्या दारात सोडत होते आणि गाडीत बसून ऑफिसच्या ईमेल बघत होते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, कारण मी कधी आत गेलेच नव्हते.

परत येताना गाडी मी चालवत होते. आल्दा पुढे गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसलेली. ओक ट्री रोडच्या सिग्नलला, समोर साडीच्या दुकानात दिवाळीच्या माळा लागलेल्या, मी आरशात बघून म्हटलं, "इरा, येत्या शनिवारी बारा वाजता तुझी मॅच आहे ना? परीक्षा तीनला होती."

"यू कॅन्सल्ड इट."

"काकूंना विचारते. जमलं तर, दोन्ही करतेस का?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग आरशात तिचा चेहरा दिसला आणि तो चौदा वर्षांचा नव्हता, चार वर्षांचा होता. "आर यू शुअर, आई?" मॉम नाही म्हणाली.

काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "कसलं नाव काढायचं? तू फोन केलास तेव्हा माझं यंत्र बंद होतं बाई, मला काही ऐकूच आलं नाही."

तो शनिवार काही दिग्विजयाचा नव्हता. इराचा संघ दोन-एक हरला. पार्किंग लॉटमध्ये मागच्या सीटवर तिनं सलवार चढवली ती तशीच, नडग्यांवरच्या चिखलासकट. आल्दानं बाहेर टॉवेल धरून आडोसा केला होता. ओरडून इराचा आवाज बसलेला. परीक्षकांनी भूप मागितला. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसत होते. मांडी घालायच्या आधी क्षणभर तिनं ते खांद्याएवढे फाकवून रोवले, आणि मग बसली. आवाज दोनदा फाटला. दोन्ही वेळा तिनं तिथूनच परत उचलला. निकाल आला तो द्वितीय श्रेणी. ते प्रमाणपत्र अजून फ्रिजवर आहे, पिझ्झाच्या दुकानाच्या चुंबकाखाली.

आल्दा नोव्हेंबरात गेली. गोधडी मी तिलाच दिली. जायच्या आदल्या दिवशी धीर करून विचारलं, की गाणं सोडलं असतंस तर देशाच्या संघात कायमची जागा मिळाली असती का? आधी कधी विचारलं नव्हतं, दुखावेल म्हणून. ती म्हणाली, "कदाचित. पण मग गोलमध्ये उभी असलेली ती मुलगी कोण असती? मला ती माहीत नाही." आता ती आपल्या गावच्या संघात आहे, शाळेत शिकवते, गाते. दोन्हींत नाव काढलं म्हणावं असं काही नाही. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. शुक्रवारी गावातल्या हॉलमध्ये कार्यक्रम, शनिवारी मॅच, चार गोल खाल्ले, आवाज गेलाय, मजेत आहे. माणूस एवढा मोठा असू शकतो आणि तरी भांड्यांच्या जाळीवर हातमोजे वाळत घालतो, याचं आश्चर्य माझं अजून ओसरलेलं नाही.

इरा आता सतरा वर्षांची. लायसन्स मिळालंय, स्वतः ड्राइव्ह करते. मैदानावर आणि गाण्याला, दोन्हीकडे. मला कुणाला कुठे सोडायचं उरलं नाही. गेल्या शनिवारी तिची मॅच लांबच्या गावी होती. ब्लोअरची घरघर ऐकत मी घरात फिरले, डिकी साफ केली, तो हातमोजा सापडला. मग गाडी काढली आणि सवयीनं, रस्ता न बघता, काकूंच्या दारात येऊन थांबले. दहा मिनिटं गाडीतच बसले. मग उतरले.

दार काकूंनीच उघडलं. "इरा कुठाय?"

"मॅच आहे तिची. मी एकटीच आले."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांच्या पेशंटना मास्क लावायच्या आधी न्याहाळत असतील तसं. "ऐकायला आलीस की गायला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

खाली बेसमेंटमध्ये त्यांनी तानपुरा जुळवला. विचारलं, काळी चार? मी म्हटलं, जे असेल ते. बसण्याआधी मी पाय रोवले, कुणी बघत नाहीसं पाहून. तीस वर्षांनी लावलेला सा तिसऱ्या सेकंदाला फाटला. कोटाच्या खिशात एक हात होता, आल्दाच्या त्या फाटक्या हातमोज्यात. मी डोळे उघडून काकूंकडे बघितलं.

त्यांची बोटं तारांवरून फिरायची थांबली नव्हती. "पुन्हा," त्या म्हणाल्या.